दोन बोटं जास्तीचं घर

आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांना सगळी गल्ली 'दोनबोटे' म्हणते. हे त्यांचं आडनाव नाही. पण नवा पोस्टमन आला की तो बिचारा दारावर याच नावाची पाटी शोधत बसतो, इतकं ते आता पक्कं झालंय. काकांच्या हाताची दहाही बोटं शाबूत आहेत. प्रश्न त्यातल्या दोनच बोटांचा आहे.

कुठलंही माप घेऊन झालं की काका टेपवर उजव्या हाताची दोन बोटं आडवी ठेवतात आणि बोटांच्या पलीकडचा आकडा सांगतात. टेप छत्तीस म्हणत असते, काका म्हणतात, "साडेसदतीस."

"काका, आत्ता छत्तीस दिसलं मला."

"दिसणारच. छत्तीसच आहे. पण पुढे जेवणार आहेस की नाही तू?"

पोरं वाढतात, मोठी माणसं सुटतात आणि कापड आटतं, या तीन गोष्टींवर काकांची गाढ श्रद्धा आहे. त्यामुळे आमच्या गल्लीत कुणालाच लहानपणी अंगाला नेमके बसणारे कपडे मिळाले नाहीत. शाळेचा गणवेश पहिल्या वर्षी थोरल्या भावाचा वाटायचा, दुसऱ्या वर्षी चुलतभावाचा, आणि तिसऱ्या वर्षी कुठे तो आपला वाटू लागायचा. दरवर्षी पँटची दुमड थोडी उसवायची आणि खाली एक फिकट रेघ उमटायची. त्या रेघा मोजून पोरगं कितवीत आहे ते सांगता यायचं. पण एक खरं, काकांनी शिवलेलं कुणाला आखूड झालं नाही. एवढ्या वर्षांत एकही गिऱ्हाईक "दंडात काचतंय" म्हणत परत आलेलं नाही.

ही दोन बोटं फक्त कपड्यापुरती असती तर ठीक होतं. काका बस यायच्या अर्धा तास आधी थांब्यावर उभे असतात. दोघांचा चहा ठेवायला सांगितला तर काकूंनी तिघांचा ठेवायचा असतो, कोण येईल सांगता येत नाही. काकू म्हणतात, "लेक झाली तेव्हा यांनी पाळण्याचं माप सुताराला दिलं. पोरगी पहिलीत गेली तरी त्याच पाळण्यात झोपायची. पाय लांब करून!"

काकू म्हणजे त्या दुकानाचं दुसरं चाक. काजं, गुंड्या, खालची दुमड घालणं हे सगळं त्यांच्याकडे. काका बोलतात तेव्हा त्यांच्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे ते तुटक बोलतात. काकूंच्या तोंडात काही नसतं.

दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. खिडकीशी मशीन, मधोमध कापड बेतायचं टेबल, आणि कोपऱ्यात लाकडी पायावर उभं असलेलं एक कापडी धड. त्याला काका 'साहेब' म्हणतात. डोकं नाही आणि अंगात कायम कोट, म्हणून साहेब. खोलीच्या मागे एक मधली खोली, मग स्वयंपाकघर, आणि त्याच्या बाजूला एक बाल्कनी. ती काकांनी कधीकाळी पत्रे ठोकून बंद केली, आत आरसा लावला, पडदा लावला आणि तिची ट्रायल रूम झाली. गिऱ्हाइकाला नवी पँट घालून बघायची तर घरभर फिरून, काकूंच्या फोडणीचा वास घेत, तिथपर्यंत जावं लागतं. अनेकजण येताना वाटेतला एखादा चमचा चाखून येतात, हा भाग वेगळा.

तर या घरावर एक दिवस नोटीस आली.

नगरपालिकेनं घरपट्टीची पद्धत बदलली होती. पूर्वी घर जुनं की नवं आणि अंदाजे केवढं, एवढं बघून ढोबळ रक्कम लावत. आता घराचं नेमकं क्षेत्रफळ किती, त्याचा वापर कशासाठी, बांधकाम कसलं, या सगळ्याचा हिशेब धरणार होते. गल्लीत सगळ्यांना नोटिसा आल्या. कुणाची पट्टी थोडी वाढली, एकदोघांची चक्क कमी झाली. काकांच्या नोटिशीतली रक्कम बघून काकांच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. जुन्या पट्टीच्या कितीतरी पट. काकूंनी चष्मा लावून वाचली, चष्मा पुसून वाचली, मग काकांना म्हणाल्या, "शेजारच्या थिएटरची आपल्याकडे टाकली का हो?"

नाव काकांचंच होतं.

दोघांनी हिशेब मांडून पाहिला. तयार कपड्यांच्या जमान्यात दुकान आधीच जेमतेम चाललेलं. ही पट्टी दरवर्षी भरायची तर काका वर्षातला निम्मा वेळ फक्त नगरपालिकेसाठी शिवत बसणार. लेकीचा फोन आला. ती दूरच्या शहरात असते.

"बाबा, किती वर्षं सांगतेय. दुकान बंद करा, घर भाड्यानं द्या आणि माझ्याकडे या. एक खोली रिकामीच आहे."

"तिथे मी काय करू?"

"आराम करा ना!"

काकांनी फोन काकूंकडे दिला. आराम हा शब्द त्यांना कुठे दुमडावा कळेना.

पण त्या फोननंतर काकांची कात्री मंदावली. बाजारातल्या तयार कपड्यांच्या दुकानदाराला बरीच वर्षं काकांचं मशीन हवं होतं, दुरुस्त्या करायला. तो येऊन बघून गेला. चाक फिरवून पाहिलं, डॉक्टरनं दात ठोकून बघावा तशी टकटक केली आणि म्हणाला, "महिनाअखेरीला माणूस पाठवतो." काका नाही म्हणाले नाहीत. ते हो म्हणालेत असं धरून तो गेला. त्या दिवशी काकांनी एका शर्टाला दोन बोटं जास्त ठेवली नाहीत. शर्टवाल्यानं घरी जाऊन घातला, आणि घाबरून परत आला.

"काकू, काका बरे आहेत ना? शर्ट मला बरोब्बर बसतोय."

काकूंनी तेव्हा नोटीस पुन्हा काढली. मागची बारीक अक्षरंही वाचली. मग टेबलावर काकांच्या पुढ्यात ठेवली.

"अहो, हे बिल नाहीच."

"मग काय आहे?"

"ही कच्ची शिलाई आहे. वाचा इथं. 'प्रस्तावित आकारणी. मान्य नसल्यास मुदतीत हरकत नोंदवावी.' म्हणजे पांढऱ्या धाग्यानं नुसतं टाचलंय. आता ट्रायल द्यायची. आपल्याकडे गिऱ्हाईक ट्रायलला काय म्हणतं? इथं घट्ट होतंय, तिथं लोंबतंय. मग तुम्हीही बोला!"

"हरकत?" काका म्हणाले. "सरकारशी भांडायचं?"

"बाही लांब झाली म्हणणारं गिऱ्हाईक तुमच्याशी भांडत असतं का? आणि ट्रायलला न येता नंतर ओरडणाऱ्याला तुम्ही काय सांगता?"

"आता कापलं, आता काही होत नाही."

"तेच तेही सांगतील. मुदत संपली की."

काका उठले, चपला घातल्या आणि हरकतीचा अर्ज देऊन आले. अर्थात मुदतीच्या बऱ्याच आधी. सवय ती सवय. नगरपालिकेच्या खिडकीतल्या माणसानं पोच दिली आणि सांगितलं, निरीक्षक येऊन घराची पाहणी करतील.

हे ऐकताच गल्लीतले वकीलसाहेब धावून आले. वकीलसाहेबांनी आयुष्य औषधांच्या गोदामात काढलं. पण सल्ला देण्याची त्यांची पद्धत अशी आहे की ऐकणाऱ्याला फी द्यावीशी वाटते. त्यांचं घर काकांच्या घराला मागून चिकटलेलं. ते नेहमी खिडकीतूनच बोलतात, दारातून आलं की चहा पिऊन जावं लागतं म्हणून.

"टेलर, एक ध्यानात ठेव. निरीक्षकाला दुकान दिसता कामा नये. दुकानाला दर जास्त. दुकान दिसलं की संपलास. मशीनवर चादर टाक, पाटी काढ, आणि त्या मुंडकं नसलेल्याला लपव कुठेतरी."

"पण खोटं..."

"खोटं कुठे? तुला विचारलं तर बोल. चादर स्वतःहून बोलते का?"

पाहणीच्या दिवशी सकाळी दारावरची पाटी काढून पलंगाखाली गेली. मशीनवर फुलाफुलांची चादर आली. टेबलावर गादी टाकून त्याचा दिवाण झाला. फक्त तो इतका उंच होता की त्यावर चढायला स्टूल लागलं असतं. 'साहेबांना' काकांनी उचलून ट्रायल रूममध्ये नेलं आणि पडदा ओढला. काकू म्हणाल्या, "मला हे पटत नाही." पण चादरीच्या सुरकुत्या त्यांनीच काढल्या.

निरीक्षक म्हणजे तिशीतल्या एक बाई निघाल्या. अंगात गडद निळा कोट, काखेत फाइल, हातात काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र. दारातूनच त्यांनी विचारलं, "ही बसायची खोली का?"

"हो," काकू म्हणाल्या, त्या उंच दिवाणाकडे न बघता.

काकांची नजर बाईंच्या डाव्या खांद्यावर खिळली होती. बाईंनी फाइल या हातातून त्या हातात घेतली, तशी काकांच्या कपाळाला आठी पडली. बाईंनी हात वर करून भिंतीकडे यंत्र धरलं, आणि काकांच्या तोंडून निघून गेलं:

"डावी बाही कुणी लावली?"

"काय?"

"कोटाची. हात वर केला की सगळा कोट वर येतो की नाही? मानेशी ओढ बसत असेल."

बाई थांबल्या. "बसते. मला वाटलं माझाच खांदा तसा आहे."

"खांद्याला काय झालंय? खांदा उत्तम आहे! बाहीचा गोल पुढे सरकलाय. थांबा." आणि काकांनी खिशातला खडू काढला, एका हातानं मशीनवरची चादर ओढली आणि दुसऱ्या हातानं स्टूल पुढे केलं. "बसा. उसवतो आणि लावून देतो. वेळ लागायचा नाही."

चादर जमिनीवर, मशीन उघडं, काकांच्या गळ्यात टेप. खिडकीत वकीलसाहेबांचं डोकं होतं, ते हळूच खाली गेलं.

बाई म्हणाल्या, "काका, हे झाकलं का होतं?"

"चादर... चादर वाळत घातली होती," काका म्हणाले. खोटं बोलायचा सराव नसला की असं होतं.

"त्यांना विचारा," काकूंनी रिकाम्या खिडकीकडे बोट दाखवलं. "सल्ला त्यांचा. चादर माझी."

बाई हसल्या. मग स्टुलावर बसल्या, पण कोट काढला नाही. "कामावर असताना कोट उसवून नाही घेता येणार मला. नंतर लोक म्हणतील बाहीवर आकारणी केली. पण तुम्ही दुकान लपवलं असतं ना, तर तुमचंच नुकसान होतं. अहो, तुमची अडचणच ती आहे." त्यांनी फाइल उघडली. "हा तुमचाच अर्ज. काही वर्षांपूर्वी नगरपालिकेनं सगळ्यांकडून माहिती भरून घेतली होती, आठवतं? त्यात 'वापर' या रकान्यात तुम्ही काय लिहिलंय?"

काकांनी वाचलं. अक्षर त्यांचं होतं, वळणदार. "टेलरिंग."

"अख्ख्या घराचा वापर?"

"मी टेलर आहे. दुसरं काय लिहू?"

"काकू स्वयंपाक करतात तिथेही टेलरिंग? झोपता त्या खोलीतही?"

"झोपेतही कापड बेततात हे," काकू म्हणाल्या.

"तेव्हा फरक पडत नव्हता. जुन्या पद्धतीत वापराचा दर वेगळा नव्हता. आता आहे. राहत्या घराला कमी दर, दुकानाला जास्त. तुम्ही लिहून दिलंत म्हणून तुमचं सगळं घर, स्वयंपाकघरासकट, दुकान म्हणून धरलं गेलं. दुकान फक्त या खोलीत असेल तर या एका खोलीला दुकानाचा दर, बाकीला घराचा. पण त्यासाठी मला दुकान दिसायला हवं, ते कुठे संपतं ते दिसायला हवं."

काकांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "म्हणजे कोट आणि त्याचं अस्तर. कोटाच्या कापडाचा भाव वेगळा, अस्तराचा वेगळा. आणि मी सगळं कापड कोटाचंच म्हणून सांगितलं."

"असंच काहीसं."

"आणि क्षेत्रफळ म्हणजे कापड किती लागलं ते. आणि घर जुनं असेल तर..."

"घसारा. त्याबद्दल थोडं कमी होतं."

"कापड वापरलेलं आहे म्हणून!" काका म्हणाले. "अहो मग हे सोपं आहे. नोटिशीत एवढं अवघड का लिहितात?"

"ते मलाही कळलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि उठून मोजायला लागल्या.

त्या यंत्राचं काकांना फार नवल वाटलं. भिंतीशी धरलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडे आणि आकडा येई. "भिंतीला हात न लावता माप?" काका कुजबुजले. "तिला गुदगुल्या होतात का कळणार कसं?" बाई खोलीमागून खोली मोजत गेल्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या. स्वयंपाकघरापर्यंत पोचल्यावर त्यांनी अर्ज पुन्हा काढला, ओट्यावर ठेवला, पेन्सिलीनं काहीतरी आखलं, खोडलं, पुन्हा आखलं.

"काका, हे माप तुम्ही स्वतः घेतलं होतं?"

"स्वतः. दुसऱ्याच्या मापावर मी कधी कात्री लावली नाही."

"कुठून घेतलं? खोलीच्या आतून?"

"बाहेरून," काका म्हणाले. "माप अंगावरून घेतात. पोटात शिरून घेत नाहीत."

"प्रत्येक खोलीचं?"

"प्रत्येकीचं वेगळं. भिंतीसकट."

"म्हणजे मधल्या भिंती दोनदा मोजल्या गेल्या. पुढच्या खोलीबरोबर एकदा आणि मागच्या खोलीबरोबर एकदा. पट्टीसाठी आतलं क्षेत्र धरतात, काका, भिंत सोडून. पण तेवढ्यानं इतका फरक पडणार नाही." त्यांनी काकांकडे रोखून पाहिलं. "अजून काय केलंत?"

काकूंनी कपाळावर हात मारला.

"अहो, बोटं! घरालाही लावलीत?"

"दोन बोटं नाहीत लावली," काका म्हणाले.

"मग?"

"शर्टाला दोन बोटं. कोटाला चार. पडद्याला वीत." ते जरा थांबले. "मग घराला हातभर तरी नको? दोन्हीकडून."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना हसू आवरेना, पण त्या कामावर होत्या. "काका, तुम्ही लिहून दिलेलं घर तुमच्या जागेत मावत नाही. जागेच्या बाहेर जातंय. हे बघा, कागदावर तुमचं स्वयंपाकघर मागच्या घरात शिरलंय. थेट त्यांच्या न्हाणीघरात."

"कुणाच्या न्हाणीघरात?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला. वकीलसाहेबांचं डोकं वर आलं होतं.

"तुमच्या," बाई म्हणाल्या.

"टेलर! तू माझ्या न्हाणीघराची पट्टी भरतोयस?"

"इतकी वर्षं भरली म्हणायची," काका म्हणाले. "साबण तरी बरा ठेवत जा."

काकू इतक्या हसल्या की ओट्याला टेकल्या. बाईही हसल्या. पण हसता हसता त्यांनी विचारलं, "पण का हो काका? घर काय आटतं का?"

काकांनी गळ्यातली टेप काढून बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"आटत नाही. पण वाढेल असं वाटलं होतं. माप घेतलं तेव्हा लेक कॉलेजात होती. म्हटलं, ही शिकेल, इथंच राहील, वर एक खोली काढू, मागे थोडं वाढवू. वाढत्या अंगाचं माप नेमकं घेतलं तर कपडा वाया जातो. म्हणून ठेवली जागा."

बाईंनी खाली ठेवलेली पेन्सिल पुन्हा उचलली.

बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही कपड्यात जादा कापड ठेवता, त्याची शिलाई आधीच घेता का गिऱ्हाइकाकडून?"

"छे! उसवून वाढवलं तर तेव्हाची तेव्हा."

"आमचंही तसंच आहे. अजून न बांधलेल्या खोलीवर पट्टी नाही. ज्या दिवशी वाढवाल त्या दिवशी रीतसर परवानगी काढून वाढवा, कळवा, मी येऊन मोजीन. तोपर्यंत जेवढं आहे तेवढंच तुमचं."

"एवढंच आहे?" काकांनी नव्या आखलेल्या नकाशाकडे पाहिलं. त्यात त्यांचं घर अगदीच आटोपशीर दिसत होतं.

"राहायला पुरतंय ना?"

"पुरतंय," काकूच म्हणाल्या. "झाडायला तर जास्तच आहे."

बाईंनी फाइल मिटली. काम झालं होतं. काकूंनी आधण ठेवलं, अर्थात एक कप जास्तीचं. आणि तेवढ्यात काका म्हणाले, "मॅडम, मागची ट्रायल रूम राहिली."

काकूंनी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की तो खिडकीतून वकीलसाहेबांनाही लागला असावा.

"कुठली ट्रायल रूम? नकाशात तर बाल्कनी आहे."

"होती. मी पत्रे ठोकून बंद केली. या."

बाई मागे गेल्या, त्यांनी पडदा सारला आणि केवढ्यांदा तरी किंचाळल्या. आत अंधारात, आरशापुढे, कोट घातलेला आणि मुंडकं नसलेला एक माणूस उभा होता. आरशात त्याची पाठही दिसत होती, म्हणजे तसे दोन होते.

"घाबरू नका, साहेब आहेत," काका म्हणाले.

बाईंना पाणी दिलं, मग चहा दिला. चहा घेताघेता त्यांनी ट्रायल रूम मोजून दुकानात धरली. काकूंचा चेहरा फुगलेलाच होता. बाई गेल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

"विचारलं होतं का तिनं? कमी झालेलं परत वाढवून ठेवलंत!"

"अगं, माप घ्यायचं तर पुरतं घ्यावं. एक बाही सोडून कोट बेततात का? उद्या दुसरा कुणी आला आणि त्याला दिसलं, मग वर दंडाचं ठिगळ. त्यापेक्षा हे बरं." मग जरा वेळानं, "आणि साहेबांना लपवून ठेवायला मला कसंतरीच वाटत होतं. इतकी वर्षं उभे आहेत बिचारे."

मग वाट बघणं सुरू झालं. अंतिम बिल यायचं होतं. लेक रोज विचारायची, खोली आवरून ठेवलीय म्हणायची. काका दुकानात बसत, पण नवीन कपडा घेत नसत, गिऱ्हाइकाला म्हणत, "पुढच्या महिन्याचं काही सांगता येत नाही." पाटी अजून पलंगाखालीच होती. आणि महिना संपत आला तसा बाजारातला दुकानदार खरंच एक हातगाडी आणि दोन माणसं घेऊन दारात आला.

आता याला योगायोग म्हणा किंवा पोस्टमननं त्या दिवशी पाटी शोधण्यात वेळ घालवला नाही म्हणा, बिल त्याच दुपारी आलं. काकांनी ते हातात घेतलं आणि न उघडता काकूंना दिलं. काकूंनी चष्मा लावला. हातगाडीवाले दारात उभे. दुकानदार मशीनच्या चाकावर हात ठेवून उभा. वकीलसाहेब खिडकीत.

"वाचा ना," दुकानदार म्हणाला. त्यालाही राहवेना.

काकूंनी रक्कम वाचली. जुन्या पट्टीपेक्षा जास्त होती. पण नोटिशीतल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी. दोन हप्त्यांत भरायची सोय होती, आणि पहिला हप्ता वेळेआधी भरला तर त्यातही थोडी सवलत. मागच्या वर्षांचं काही परत मिळेल का, त्याचा अर्ज वेगळा करायचा होता, आणि मिळेलच असं कुणी म्हणत नव्हतं. पण पुढचं माप बरोबर झालं होतं. काका पुटपुटत होते, "शाळेचे गणवेश... दोनचार कोट... दुरुस्त्या..." काकू म्हणाल्या, "आणि वेळेआधी भरण्यात यांचा हात कोण धरणार!"

काकांनी दुकानदाराचा हात अलगद मशीनवरून उचलला आणि त्याच्या हाती परत दिला.

"मशीन मोकळं नाही," ते म्हणाले. "कामात आहे."

"कुठल्या कामात? बंद आहे की ते!"

काका स्टुलावर बसले, मशीनखाली कापडाचा एक तुकडा सरकवला आणि पाय मारायला लागले. त्या तुकड्याचं काहीच शिवायचं नव्हतं. पण आवाज साऱ्या गल्लीत गेला. हातगाडीवाले रिकामी गाडी घेऊन निघाले. त्यातल्या एकाची पँट गुडघ्याशी उसवली होती, ती काकूंनी जाता जाता टाचून दिली.

संध्याकाळी पाटी वर चढली. लेकीला फोन गेला. ती आधी रागावली, मग रडली, मग म्हणाली, "बरं, मग मीच येते सुट्टीत. माझा कोट घट्ट झालाय."

"तो मी शिवला होता," काका दुखावून म्हणाले. "घट्ट होईलच कसा?"

"विकतचा आहे, बाबा."

"मग बरोबर आहे."

आता काकांच्या दुकानात भिंतीवर दोन खिळे आहेत. एकावर कापडाची टेप, दुसऱ्यावर एक नवी लोखंडी टेप. ही दुसरी घरांसाठी. गल्लीतले लोक आपापल्या नोटिसा घेऊन येतात आणि काका जाऊन मोजून देतात: आतून, भिंती सोडून, दुकान वेगळं, घर वेगळं. मोजताना ते उजवा हात पँटच्या खिशात घालून ठेवतात. बोटांचा भरवसा नाही. वकीलसाहेबांचं घर मोजायला गेले तेव्हा न्हाणीघरात जरा जास्त वेळ रेंगाळले, इतकी वर्षं पैसे भरलेली जागा एकदा बघून घ्यावी म्हणून.

आणि परवाच एका सुट्टीच्या दिवशी त्या निरीक्षक बाई आल्या. फाइल नव्हती, यंत्र नव्हतं, हातावर तो निळा कोट होता.

"काका, तुमचं प्रकरण केव्हाच बंद झालं. आज मी गिऱ्हाईक. बाही नीट करून द्या. आणि एक नवा कोटही शिवायचाय. शिलाई पूर्ण घ्यायची हं, सवलत नको."

काकांनी टेप घेतली. खांदा मोजला, बाही मोजली, छाती मोजली. मग उजव्या हाताची बोटं टेपवर आडवी आली. कोट होता, म्हणून चार.

"काका!" बाई म्हणाल्या. "नेमकं सांगा हं. मी मोजलंय घरी."

"घर तुम्ही नेमकं मोजलंत, मॅडम, मी मान्य केलं," तोंडात टाचण्या धरून काका म्हणाले. "पण कोटाचं खातं माझ्याकडे आहे. हात वर करा. आणि श्वास घ्या."